जुनी येझदी २५०: घाटात इंजिन तापले की ठिणगी जाते

वाईकर

नमस्कार. माझ्याकडे १९७६ सालची येझदी २५० मोटारसायकल आहे. वडिलांनी ती जुनी घेतली होती आणि वीस-बावीस वर्षे वापरली. त्यानंतर ती बरीच वर्षे गोठ्यात झाकून ठेवलेली होती. गेल्या वर्षी मी ती बाहेर काढून चालू केली आणि आता आठवड्यातून दोन-तीनदा वापरतो. तक्रार अशी आहे.

सकाळी थंड इंजिन चोक दिल्यावर दुसऱ्या किकला सुरू होते. सातारा ते वाई हा सपाट रस्ता ती तक्रार न करता पार करते, परंतु पसरणीचा घाट चार-पाच किलोमीटर चढला की मिस मारू लागते, सायलेन्सरमधून दोन-तीन फटके येतात आणि गाडी बंद पडते. त्यानंतर कितीही किका मारल्या तरी ती सुरू होत नाही. वीस-पंचवीस मिनिटे सावलीत उभी केली की मात्र पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू होते आणि आणखी दोन-तीन किलोमीटरवर पुन्हा तेच.

बंद पडल्यावर प्लग काढून इंजिनाच्या फिन्सना टेकवून पाहिला. ठिणगी येते, पण ती पिवळट आणि बारीक असते. गाडी थंड झाल्यावर तीच ठिणगी निळी आणि कडक दिसते. आतापर्यंत प्लग, प्लगची कॅप आणि कॉइल नवीन टाकली. बॅटरी सहा महिन्यांपूर्वीची, सहा व्होल्टची आहे. कंडेन्सर गेल्या वर्षी बदलला होता. पॉइंट (कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) मी स्वतः पॉलिश पेपरने साफ करतो आणि फिलर गेजने ०.४ मिलिमीटर गॅप लावतो, पण दर दोन-अडीचशे किलोमीटरला ते पुन्हा काळे पडलेले सापडतात. उजवीकडचे झाकण उघडल्यावर पॉइंटवर निळसर-काळा जळका डाग दिसतो आणि आजूबाजूच्या प्लेटवर बोट फिरवले तर तेलकट काजळी लागते. आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो, तिचा या तक्रारीशी संबंध आहे की नाही ते मला कळत नाही: गाडी तापली की सिग्नलला उभी असताना रेस (इंजिनाची गती) आपोआप थोडी चढते.

गावातील गॅरेजमध्ये नवीन पॉइंट, नवीन कंडेन्सर आणि पुन्हा नवीन कॉइल टाकून पाहू असे सांगितले आहे. एकेक वस्तू बदलत जाण्यापेक्षा नेमका दोष कुठे आहे हे तपासण्याचा मार्ग हवा आहे. कृपया मार्गदर्शन करावे.


जावाप्रेमी, कऱ्हाड

ठिणगीच्या मागे लागण्यापूर्वी पेट्रोलचा संशय एकदाचा फेडून घ्यावा, कारण टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजले असेल तरी गाडी अगदी अशीच वागते. पेट्रोल खाली उतरते तशी टाकीत हवा यावी लागते. ती आली नाही की पेट्रोल कार्बोरेटरकडे उतरेनासे होते, गाडी बंद पडते, आणि थोड्या वेळाने हवा शिरली की पुन्हा सुरू होते. पुढच्या वेळी बंद पडली की आधी टाकीचे झाकण उघडून लगेच किक मारा. सुरू झाली तर दोष झाकणात आहे. त्याच वेळी प्लग काढून हाताने पाहा. पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल पोचते आहे आणि जळत नाही, कोरडा असेल तर पेट्रोलच पोचत नाही.

आणि बंद पडल्यावर किक नेहमीपेक्षा जड लागते का, तेही आठवून सांगा. जड लागत असेल तर पिस्टन धरतो आहे, आणि तसे असल्यास तपासणी होईपर्यंत गाडी घाटात अजिबात नेऊ नये.


वाईकर

आभारी आहे. रविवारी मुद्दाम घाटात जाऊन पाहिले. झाकण उघडून किक मारली तरी सुरू झाली नाही. प्लग ओला होता. किक नेहमीसारखीच हलकी लागते. पेट्रोलमध्ये ऑइल लिटरला ४० मिलिलिटर या प्रमाणात घालतो.


उद्यमनगर, कोल्हापूर

म्हणजे पेट्रोल बाजूला ठेवता येईल. आता विजेकडे येऊ. थोडे सविस्तर लिहितो, कारण हे काम कसे चालते ते एकदा समजले की तपासणीचा क्रम आपोआप सुचतो.

पॉइंट मिटलेले असताना बॅटरीचा प्रवाह कॉइलच्या जाड तारेच्या वेढ्यांतून वाहतो आणि आतल्या लोखंडी गाभ्यात चुंबकीय क्षेत्र तयार होते. कॅमने (फिरत्या उंचवट्याने) पॉइंट उघडताच हा प्रवाह एकदम तुटला पाहिजे, कारण क्षेत्र जितके झटकन कोसळेल तितका बारीक तारेच्या वेढ्यांत विजेचा दाब अधिक चढतो आणि तोच हजारो व्होल्टचा दाब प्लगच्या फटीतून ठिणगी होऊन उडतो. पॉइंट उघडण्याच्या त्या क्षणी प्रवाह थांबायला तयार नसतो, तो पॉइंटच्या नुकत्याच पडलेल्या फटीतूनच उडी मारू पाहतो. कंडेन्सर तो प्रवाह स्वतःकडे घेतो आणि पॉइंटला जळण्यापासून वाचवतो. कंडेन्सर निकामी झाला की जी ठिणगी प्लगवर पडायची ती पॉइंटवर पडते. प्लगवरची ठिणगी पिवळी आणि पॉइंट निळसर-काळे, ही दोन्ही लक्षणे तुम्ही स्वतःच लिहिली आहेत.

आता तापण्याचा प्रश्न. येझदीचा कंडेन्सर उजव्या झाकणाच्या आत, डायनमोच्या (गाडीची वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या) प्लेटवर, इंजिनाच्या उष्णतेतच बसलेला असतो. आतल्या पातळ पत्र्यांमधले इन्सुलेशन कमजोर झाले असेल तर थंड असताना ते दाब सहन करते आणि तापल्यावर सोडून देते. गाडी उभी राहिली की वारा लागत नाही, त्यामुळे सिलिंडरची उष्णता पसरून झाकणाच्या आतले तापमान काही वेळ आणखी चढते. तुम्हाला वीस-पंचवीस मिनिटे थांबावे लागते ते त्यामुळे. गेल्या वर्षी बदलला म्हणून कंडेन्सर चांगलाच असेल असे मानू नका. हल्ली बाजारात मिळणारे पुष्कळसे कंडेन्सर पाकिटातूनच कमजोर निघतात, हा माझा रोजचा अनुभव आहे.

क्रमाने असे करा.

पहिले म्हणजे मल्टिमीटरने कॉइलच्या दोन बारीक टर्मिनलमधला रोध मोजा. दोन्ही वायरी काढूनच मोजायचा. सहा व्होल्टच्या कॉइलमध्ये तो साधारण दीड ते दोन ओहम असतो. तीन-साडेतीनच्या पुढे दिसला तर दुकानदाराने बारा व्होल्टची कॉइल दिली आहे असे समजा. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात आणि बारा व्होल्टची कॉइल सहा व्होल्टवर गाडी चालवतेही, पण प्रवाह निम्म्यावर येतो आणि ठिणगीचा जोर त्याहूनही अधिक घटतो. उघड्या हवेत प्लगवर ठिणगी दिसली म्हणून समाधान मानू नये, कारण सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणातून तीच ठिणगी उडवायला कितीतरी अधिक दाब लागतो.

दुसरे, स्विच चालू करून आणि पॉइंट मिटलेले ठेवून बॅटरीवर किती व्होल्ट आहेत आणि कॉइलपर्यंत किती पोचतात ते पाहा. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर तो वाटेत, बहुधा हेडलाइटमधल्या स्विचच्या पत्र्यांवर, वाया जातो आहे. बारा व्होल्टच्या गाडीला एक व्होल्ट गमावणे परवडते, सहा व्होल्टच्या गाडीला परवडत नाही. मिटलेल्या पॉइंटच्या दोन बाजूंमध्येही मीटर लावून पाहा. तिथे जवळजवळ शून्य दिसले पाहिजे.

तिसरे, जुना कंडेन्सर वायर सोडवून पूर्ण बाजूला काढा आणि चांगला कंडेन्सर बाहेर, कॉइलशेजारी लावा. त्याची वायर कॉइलच्या ज्या टर्मिनलला पॉइंटची वायर येते तिथे जोडायची आणि त्याचे अंग बॉडीला घट्ट अर्थ करायचे. जुना तसाच ठेवून दुसरा जोडला तर उपयोग होत नाही, कारण गळका कंडेन्सर शेजारी चांगला कंडेन्सर असला तरी गळतच राहतो. सुमारे ०.२ ते ०.२५ मायक्रोफॅरडचा, पॉइंट असलेल्या कुठल्याही गाडीचा कंडेन्सर चालतो. कॉइल जिथे थंड राहते तिथे कंडेन्सरही थंड राहतो, म्हणून मी ग्राहकांच्या गाड्यांना तो कायमचाच बाहेर लावून देतो.

पॉलिश पेपरबद्दल एक सूचना. त्याचे कण पॉइंटच्या धातूत रुततात. धार लावण्याचा बारीक दगड किंवा बारीक पॉइंट फाइल वापरा आणि शेवटी थिनरमध्ये बुडवलेला कोरा कागद पॉइंटच्या मधून ओढून काढा. कागद स्वच्छ निघेपर्यंत ओढायचा.


वाईकर

आपण सांगितलेल्या क्रमाने सर्व केले. सविस्तर लिहितो.

नव्या कॉइलचा रोध ३.६ ओहम निघाला, म्हणजे ती बारा व्होल्टचीच होती. वडिलांच्या अवजारांच्या पत्र्याच्या डब्यात मूळ कॉइल कापडात गुंडाळून ठेवलेली सापडली. तिचा रोध १.७ भरला आणि आता तीच बसवली आहे. बॅटरीवर ६.२ व्होल्ट होते आणि कॉइलपर्यंत ५.१ पोचत होते. हेडलाइट उघडून स्विचच्या पितळी पत्र्या साफ केल्या, एक सैल पत्री पक्कडीने किंचित वाकवून घट्ट केली. आता मूळ कॉइल लावूनही फरक ०.२ व्होल्टच राहिला आहे.

कंडेन्सर मात्र मी कुतूहलाने तपासून घेतला. आमच्याकडे पाण्याच्या मोटारी भरून देणारे एक कारागीर आहेत, त्यांच्याकडे इन्सुलेशन मोजण्याचा हँडलचा मेगर आहे. थंड कंडेन्सरवर हँडल फिरवले तेव्हा काटा वरच्या टोकाला जाऊन स्थिर राहिला. मग वायर बॉडीला टेकवून त्यातली वीज उतरवली तेव्हा टच् असा आवाज झाला. नंतर तोच कंडेन्सर शंभर वॅटच्या दिव्याला दहा मिनिटे चिकटवून ठेवला, हाताला चटका बसण्याइतका तापवला आणि पुन्हा हँडल फिरवले. काटा वर गेला, थरथरला आणि सरळ शून्याकडे आला. वायर टेकवली तर काहीही आवाज झाला नाही. निवल्यावर पुन्हा पाहिले तर पुन्हा चांगला! गेले आठ महिने मी ज्याच्यामागे धावत होतो तो दोष त्या दोन मिनिटांत डोळ्यांसमोर पाहायला मिळाला.

बाहेर कॉइलशेजारी दुसरा कंडेन्सर लावून पसरणी घाट न थांबता पाचगणीपर्यंत चढलो. आपले मनापासून आभार.

तरीही धागा बंद करत नाही, कारण तीन आठवड्यांत साधारण तीनशे किलोमीटर झाल्यावर गाडी पुन्हा किंचित मिस मारू लागली आहे. बंद पडत नाही. झाकण उघडले तर पॉइंटवरचा निळा जळका डाग नाही, पण काळी तेलकट काजळी तशीच आहे. साफ केले की दोनशे किलोमीटर ठीक चालते. कॅमवर ऑइल लावणे मी पूर्ण बंद केले आहे, तरीही असे होते.


बारा व्होल्ट

पॉइंट काढून टाकणे हाच यावर कायमचा उपाय आहे. इलेक्ट्रॉनिक इग्निशनसह बारा व्होल्टचे किट मिळते. पॉइंट, कंडेन्सर आणि जुना डायनमो यांतून एकदम सुटका होते आणि रात्री हेडलाइटही नीट पडतो. मी दोन वर्षे वापरतो आहे आणि एकदाही झाकण उघडावे लागलेले नाही.


पुण्याची येझदी

किटला माझा विरोध नाही. मूळ डायनमो ४५ वॅटचा आहे आणि रात्री हेडलाइट, मागचा दिवा आणि कॉइल मिळून ते सारे खाऊन टाकतात, त्यामुळे रात्रीचा लांबचा प्रवास करणाऱ्याने किट लावणे समजण्यासारखे आहे. परंतु वाईकरांच्या गाडीला आज किट लावले तर खरा दोष झाकला जाईल आणि इंजिन आतून खराब होत राहील, म्हणून आधी हे वाचावे अशी माझी विनंती आहे.

पहिल्याच पोस्टमधल्या दोन गोष्टी कोणी उचलल्या नाहीत. एक म्हणजे प्लेटवरची तेलकट काजळी आणि दुसरी म्हणजे तापल्यावर आपोआप चढणारी रेस. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल, ऑइल आणि हवा यांचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये (पिस्टनखालच्या, क्रँक फिरतो त्या बंद कप्प्यात) येते आणि तिथे पिस्टन वर-खाली होताना एकदा ओढ आणि एकदा दाब तयार होतो. ही ओढ आणि हा दाब आत राखण्याचे काम क्रँकच्या दोन्ही टोकांचे ऑइल सील करतात. डायनमोच्या बाजूचे सील कडक होऊन फाटले की दाबाच्या वेळी ऑइलचे बारीक तुषार डायनमोत उडतात आणि पॉइंटवर बसतात, तर ओढीच्या वेळी तिथूनच फुकटची हवा आत शिरते. हवा वाढली की मिश्रण पातळ होते, रेस चढते आणि इंजिन जास्त तापते. त्या कंडेन्सरला वाजवीपेक्षा अधिक उष्णता सोसावी लागली, त्यामागेही हेच असू शकते. वर्षानुवर्षे गोठ्यात उभ्या राहिलेल्या गाडीचे रबरी सील शाबूत असेल तरच नवल.

तपासण्याची रीत सोपी आहे. डायनमोच्या आतला भाग थिनरने स्वच्छ पुसून पूर्ण वाळू द्या, झाकण लावून पंधरा-वीस किलोमीटर फिरून या आणि गाडी बंद करून लगेच उघडून पाहा. ताजा ओला थर दिसला आणि त्याला टूटी (टू-स्ट्रोक) ऑइलचा व पेट्रोलचा वास आला तर सील गेले आहे. काही जण चालू इंजिनावर पेट्रोलचा फवारा मारून रेस बदलते का ते पाहतात. डायनमोच्या बाजूला असे कदापि करू नये. तिथे कार्बन ब्रशवर सतत ठिणग्या उडत असतात आणि गाडी पेट घेईल.

दुसरी तपासणी बेरिंगची. येझदीत पॉइंट उघडणारा कॅम थेट क्रँकच्या टोकाला असतो, त्यामुळे क्रँकचे बेरिंग झिजले की कॅम डगमगतो आणि तुम्ही कितीही मन लावून गॅप लावला तरी चालत्या इंजिनात तो दर फेऱ्याला वेगळा पडतो. पॉइंट पूर्ण उघडे असताना फिलर गेज मध्ये ठेवा आणि आर्मेचर (डायनमोचा फिरणारा भाग) अंगठ्याने वर दाबून, मग खाली दाबून गॅप बदलतो का ते पाहा. सील नवीन टाकले आणि बेरिंग तसेच डगमगत राहिले, तर नव्या सीलची ओठाकडची कडही काही महिन्यांत खाल्ली जाते. म्हणून ही दोन्ही कामे एकत्रच करायची असतात. गॅप बदलला तर टायमिंगही (ठिणगी पडण्याची वेळ) बदलते, हे वेगळे सांगायला नको.


वाईकर

आपले निदान अक्षरशः खरे ठरले. थिनरने पुसून पाचवडपर्यंत जाऊन आलो आणि झाकण उघडले, तर प्लेटच्या खालच्या अर्ध्या भागावर पातळ, चकचकीत, हिरवट ऑइलचा थर होता. मी टूटी ऑइल हिरव्या रंगाचेच वापरतो, त्यामुळे वास घेण्याचीही गरज उरली नाही. आर्मेचर वर दाबल्यावर गॅप ०.४० भरत होता आणि खाली दाबल्यावर ०.२८ ची पट्टी जेमतेम आत जात होती.

आता इंजिन उघडायचेच आहे. त्याआधी दोन प्रश्न आहेत. दोन्ही बाजूंची बेरिंग बदलावीत की फक्त डायनमोकडचे? आणि काम झाल्यावर टायमिंग घरच्या घरी नेमके कसे लावावे?


उद्यमनगर, कोल्हापूर

पुण्याच्या ताईंनी अचूक पकडले. तेलकट काजळीचा उल्लेख मी वाचला होता आणि कॅमला ऑइल जास्त लावले असेल असे मनाशी धरून पुढे गेलो, ती माझी चूक झाली.

इंजिनाची केस उघडतेच आहे तर दोन्ही बाजूंची बेरिंग आणि दोन्ही सील बदला. मजुरी एकदाच पडते. कनेक्टिंग रॉडचा खालचा खेळही तेव्हाच पाहून घ्या. पुण्याच्या नाना पेठेत जुन्या साठ्यातले सील दाखवतील, ते घेऊ नका. रबर न वापरताही कडक होते. मापाचे नवीन सील बेरिंगच्या दुकानात मिळते, तेच घ्या आणि बसवताना ओठाला थोडे ऑइल लावा.

टायमिंगसाठी सहा व्होल्टचा तीन वॅटचा एक दिवा पुरतो. आधी पॉइंटचा गॅप लावायचा आणि मगच टायमिंगला हात घालायचा, कारण गॅप बदलला की टायमिंग सरकते. प्लग काढून त्या जागी डायल गेज लावा आणि पिस्टन सर्वांत वर आणून शून्य करा. दिव्याची एक वायर पॉइंटच्या टर्मिनलला आणि दुसरी बॉडीला जोडून स्विच चालू करा. पॉइंट मिटलेले असताना दिवा विझलेला राहील, कारण वीज पॉइंटमधूनच बॉडीला उतरते, आणि पॉइंट उघडताच पेटेल. पाना आर्मेचरच्या बोल्टला लावून क्रँक आधी बरीच मागे न्या आणि मग इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेनेच, उजवीकडून पाहताना घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, हळूहळू पुढे आणा. दिवा पेटण्याच्या क्षणी गेजवर तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला आकडा असला पाहिजे. नसेल तर प्लेट सैल करून बारीक सरकवा आणि पुन्हा पहिल्यापासून पाहा. मी नेहमी तीनदा पाहतो. तिन्ही वेळा सारखा आकडा आला तरच स्क्रू घट्ट करतो. जुन्या बेरिंगवर तो सारखा येतच नाही.


वाईकर

काम पूर्ण झाले. डायनमोकडचे सील हातात घेऊन वाकवले तर ते रबरासारखे न वाकता वाळक्या चामड्यासारखे चिरले, आणि त्याच्या ओठाला खालच्या बाजूने नखभर लांबीची चीर होती. दोन्ही बेरिंग, दोन्ही सील आणि पॉइंट नवीन आहेत. कंडेन्सर बाहेरच ठेवला आहे. दिवा लावून टायमिंग मी स्वतः लावले आणि तिसऱ्या खेपेलाही आकडा जागचा हलला नाही.

आतापर्यंत ४६० किलोमीटर झाले. काल दुपारी, भर उन्हात, मागे मुलाला बसवून पसरणी चढलो. वर पोचल्यावर गाडी बंद केली आणि इंजिन तापलेले असतानाच मुद्दाम लगेच किक मारली. पहिल्याच किकला सुरू झाली आणि रेस जिथल्या तिथे राहिली. घरी आल्यावर झाकण उघडले. प्लेट कोरडी होती आणि कोरा कागद पॉइंटमधून ओढला तो जवळजवळ पांढराच निघाला.

कॅमच्या फेल्टला (कॅमला ऑइल पुरवणाऱ्या नमद्याच्या तुकड्याला) आता ऑइलचा एकच थेंब किती किलोमीटरला द्यावा, एवढे कोणी सांगितले तर बरे होईल. पूर्ण कोरडा ठेवला तर पॉइंटची फायबरची टाच झिजून गॅप कमी होईल, अशी काळजी वाटते.


पुण्याची येझदी

वाचून फार आनंद झाला. टाच झिजण्याची तुमची काळजी रास्त आहे. मी दर हजार किलोमीटरला झाकण उघडते, गॅप मोजते, आणि फेल्ट बोटाला कोरडा लागला तरच काडीच्या टोकाने एक थेंब देते. नव्या पॉइंटची टाच सुरुवातीला जरा लवकर बसते, म्हणून पहिल्या वेळी पाचशे किलोमीटरलाच गॅप पाहा, म्हणजे तुमच्या हिशेबाने याच आठवड्यात.